उधारीचे दिवस : क्रेडिट कार्डाचे व्याज आणि भरण्याची वेळ

कोणत्याही कर्जावरील व्याज मुद्दल, दर आणि काळ या तीन गोष्टींवर ठरते. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दर ठरविणे कार्डधारकाच्या हाती नसते आणि एकदा केलेला खर्चही मागे घेता येत नाही. काळावर मात्र त्याची काही अंशी सत्ता चालते. एकच रक्कम दोन निरनिराळ्या दिवशी भरली, तर व्याजाचा आकडा निरनिराळा येतो. हे असे का घडते, ते समजून घेण्यासाठी प्रथम दोन तारखा ओळखल्या पाहिजेत.

हिशेबाची तारीख आणि देय तारीख

बँक दरमहा एका ठरावीक दिवशी महिन्याचा हिशेब बंद करून हिशेबपत्रक काढते. त्यानंतर रक्कम भरण्यासाठी काही दिवसांची सवड मिळते. या सवडीचा शेवटचा दिवस म्हणजे देय तारीख होय. समजा, एका कार्डाचा हिशेब दर महिन्याच्या 15 तारखेस बंद होतो आणि देय तारीख पुढील महिन्याची 5 ही आहे. अशा कार्डावर 16 जुलैला केलेली खरेदी 15 ऑगस्टच्या हिशेबपत्रकात येईल आणि तिचे पैसे 5 सप्टेंबरपर्यंत भरता येतील. म्हणजे 51 दिवस पैसे बिनव्याजी वापरावयास मिळाले. तीच खरेदी 14 ऑगस्टला केली असती, तर अवघे 22 दिवस मिळाले असते. तेव्हा मोठी खरेदी हिशेब बंद झाल्यानंतर लगेच करणे केव्हाही अधिक सोयीचे.

ही बिनव्याजी मुदत मात्र सशर्त असते. हिशेबपत्रकातील संपूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत भरली, तरच ती मिळते.

थोडी बाकी, मोठे व्याज

येथेच बहुसंख्य कार्डधारकांचा गैरसमज होतो. समजा, एकाने वरील कार्डावर 20 जुलैला 30,000 रुपयांची खरेदी केली. व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के आहे. त्याने 5 सप्टेंबरला 25,000 रुपये भरले व 5,000 रुपये मागे ठेवले. व्याज या 5,000 रुपयांवरच लागेल, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात सवलतच संपुष्टात आल्यामुळे व्याजाची मोजणी खरेदीच्या दिवसापासून सुरू होते. 20 जुलै ते 5 सप्टेंबर या 47 दिवसांचे 30,000 रुपयांवर सुमारे 1,622 रुपये आणि त्यापुढे 15 सप्टेंबरपर्यंतच्या 10 दिवसांचे उरलेल्या 5,000 रुपयांवर सुमारे 58 रुपये, असे एकूण 1,680 रुपये व्याज होते. त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे आणखी सुमारे 302 रुपये. पाच हजारांची बाकी ठेवण्याचे मोल अशा रीतीने जवळजवळ दोन हजार रुपये पडले! ही बाकी घरातील बचतीतून किंवा कमी दराच्या कर्जातून फेडता आली असती, तर हा भुर्दंड टळला असता.

लवकर भरण्याचा लाभ कोणाला?

जो कार्डधारक दरमहा संपूर्ण रक्कम फेडतो, त्याने देय तारखेपूर्वी वीस दिवस आधी पैसे भरले तरी व्याजात काही बचत होत नाही, कारण मुळात व्याजच लागलेले नसते. त्याने पैसे बचत खात्यात ठेवून देय तारखेच्या दोन-तीन दिवस आधी भरावेत, हेच व्यवहाराचे.

ज्याला संपूर्ण रक्कम फेडणे शक्य नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डोक्यावर व्याज दररोज चढत असते. वरील उदाहरणातील 25,000 रुपये 5 सप्टेंबरऐवजी 16 ऑगस्टला भरले असते, तर 20 दिवसांचे सुमारे 575 रुपये व्याज वाचले असते. म्हणून अशा माणसाने देय तारखेची वाट पाहू नये. पगार हाती येताच जमेल तेवढी रक्कम भरावी. मध्येच काही पैसे आले, तर तेही भरावेत. शिवाय बाकी असेतोवर नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही. म्हणून जुने देणे पुरते फिटेपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी टाळावी. कार्डावर रोख रक्कम काढल्यास तर पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि शुल्क वेगळेच. ती रक्कम शक्य तितक्या लवकर परत करावी.

किमान रक्कम आणि तीन दिवस

हिशेबपत्रकात ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. केवळ तेवढीच रक्कम भरत गेल्यास फेड महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे लांबते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार थकबाकी देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक राहिली, तरच विलंबशुल्क लावता येते आणि पतमाहिती कंपन्यांना ‘थकीत’ असे कळविता येते. हे तीन दिवस चुकून राहिलेल्यांसाठी आहेत. त्यांना वाढीव मुदत समजणे धोक्याचे आहे. त्याच निर्देशांनी कार्डधारकाला हिशेबाची तारीख एकदा बदलून घेण्याचा अधिकार दिला. ज्याचा पगार 1 तारखेला होतो, त्याने देय तारीख त्यानंतर चार-पाच दिवसांनी येईल अशी व्यवस्था करून घ्यावी.

कायद्याचा आधार

राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने 2008 मध्ये वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय रद्द केला. दरावरील हा बांध आता उरलेला नाही. अशा स्थितीत कार्डधारकाला संरक्षण देणारी गोष्ट म्हणजे त्याची स्वतःची दक्षता. हिशेबपत्रक येताच त्याने तीन आकडे पाहावेत : एकूण देय रक्कम, देय तारीख आणि व्याजाचा वार्षिक दर. एकूण रक्कम फेडता येत असेल, तर वेळेवर फेडावी. येत नसेल, तर आजच जमेल तेवढी भरावी.