पदवी हातात, झोप नाही

नाशिकरोड कारागृहातून सुटलो तेव्हा माझ्या पिशवीत मुक्त विद्यापीठाची बी.ए.ची गुणपत्रिका होती. भांडणात एकाच्या डोक्यात रॉड घातला होता, भादंवि 307 लागलं, शिक्षा झाली. त्यावर इतकंच. आत काय असतं हे सगळेच विचारतात. बाहेर आल्यावर काय होतं, ते मात्र मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

शिक्षणाची सोय असेल तर घ्याच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशकातच आहे; त्याची आणि इग्नूची अभ्यासकेंद्रं राज्यातल्या मोठ्या तुरुंगांत चालतात. परीक्षा पास झालं की माफीचे दिवस मिळतात, म्हणून कितीतरी जण नुसत्या माफीसाठी नाव घालतात. घालू देत. आमच्या बराकीतले एक काका माफीसाठीच पुस्तक घेऊन बसले आणि वर्षभरात सगळ्यांचे अर्ज लिहून देऊ लागले.

फक्त कोर्स निवडण्याआधी पुढची वाट मोकळी आहे का, ते विचारून घ्या. आत प्रत्येकाला वकील व्हायचं असतं. पण नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर वकिली कायद्याच्या कलम 24-अ प्रमाणे सुटकेनंतर दोन वर्षं सनद मिळत नाही. सरकारी नोकरीला चारित्र्य पडताळणी आडवी येते. हे आत असतानाच विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला विचारा. कोठडीतल्या माणसाला तो वकील फुकट मिळतो. माझं म्हणाल तर पहिला पगार बी.ए.ने नाही दिला. नाशिकरोडला कैदी गणपतीच्या मूर्ती करतात, तिथे शिकलेल्या रंगकामाने दिला. पदवीच्या जोडीला हाताला एक काम हवंच.

आता खरं दुखणं. घरी आल्यावर मी बंद दारापुढे नुसता उभा राहायचो. कडी काढायचं सुचायचंच नाही. इतकी वर्षं दार दुसऱ्यानेच उघडलेलं. आईला वाटायचं, पोरगा कसल्या तरी विचारात आहे. बराकीत रात्रभर दिवा जळतो, त्यामुळे घरच्या अंधारात डोळा लागेना. तुरुंगात संध्याकाळचं जेवण बराकी बंद व्हायच्या आधी, उजेडातच उरकतात. म्हणून पाच वाजताच पोटात कावळे ओरडायचे आणि घरात जेवण नऊला. यावर हसता येतं. पण मागून कुणाचा हात लागला की माझी मूठ वळायची, त्यावर हसता येत नाही. कामावर सुपरवायझरने गमतीत मागून टपली मारली आणि मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवला. त्याने पोलिसांत दिलं नाही हे नशीब. काम गेलं ते गेलंच. प्रथम श्रेणी होती की माझ्याकडे! तिचा तिथे काय उपयोग?

शेवटी बहिणीने ओढत सिव्हिलला नेलं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते, हे मला ठाऊकच नव्हतं. डॉक्टरबाईंनी गुन्ह्याचं काही विचारलं नाही, झोपेचं विचारलं. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं. हळूहळू फरक पडला, फार हळूहळू. मधे दोनदा सोडूनही दिलं होतं. झोप लागायला लागली तेव्हा कुठे एम.ए.चा फॉर्म भरायची हिंमत झाली.

विपश्यनेचं नाव तुम्ही ऐकालच. तिहारमध्ये 1994 साली हजारावर कैदी एकाच वेळी शिबिराला बसले होते, आणि आमच्याकडे इगतपुरीचं विपश्यना केंद्र तर जवळच. चांगलीच गोष्ट आहे. पण गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांचं मौन धरू नका. आणि शिबिर केलं म्हणून औषध बंद करू नका.

घरच्यांनाही एक विनंती. माणूस सुटून आला की दुसऱ्याच दिवशी त्याला नोकरीसाठी या-त्या साहेबाकडे फिरवू नका. आधी त्याची झोप बघा, चिडचिड बघा, तो कुणाशी बोलतो का ते बघा. ओपीडीत जायला लाजत असेल तर टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लावून फोन त्याच्या हातात द्या. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.