आपल्या परिसरातील जलाशय आणि पाण्यात उतरण्याचा हक्क

स्थानिक इतिहास शिकविताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या पट्ट्यात नैसर्गिक तलाव किती? मुले बोटे मोजतात, काकोळे, चिखलोली, भोज, बारवी. यांपैकी एकही नैसर्गिक नाही, हे कळताच वर्ग चकित होतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर कोसळणारा पाऊस उतारावरून पाहता पाहता खाडीला मिळतो. येथे पाणी थांबले ते कोणीतरी अडविले म्हणूनच.

काकोळ्याचे धरण जीआयपी रेल्वेने बांधले. वाफेच्या इंजिनांना पाणी हवे होते. बारवी धरण १९७२ चे, औद्योगिक विकास महामंडळाचे; पुढे त्याची उंची वाढली आणि आदिवासी पाडे पाण्याखाली गेले. तेथे सहलीला जाणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

काकोळ्याच्या डोंगरांतून निघणारी वालधुनी शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या, शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात शिरते. १९४९ मध्ये लष्करी छावणीच्या जागी निर्वासित सिंधी बांधवांसाठी वसलेल्या या नगरात पोहोचेपर्यंत तिचे पाणी कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने काळे पडलेले असते. उगमाकडे हौशी मंडळी डुंबतात. खाली काठावर राहणारे मूल तिच्यात पायही बुडवू शकत नाही. अंतर किती, तर काही किलोमीटरचे.

पावसाळ्यात कोंडेश्वरचा धबधबा व कुंड, बारवी नदीचा काठ गर्दीने फुलतात, आणि बुडण्याच्या बातम्याही येतात. मग जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. आदेश आवश्यकच, परंतु बंदीने कोणाला पोहता येत नाही. एका सहलीत आम्ही कुंडापासून दूर थांबून विचारले, पोहता कोणाकोणाला येते? चाळीस मुलांत तीन हात वर झाले. त्या तीनही मुलांच्या घरी विहीर होती.

येथे इतिहासाचा शिक्षक गप्प बसू शकत नाही. रावबहादूर बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे कायदे मंडळाने मान्य केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. तळे खाजगी की सार्वजनिक, हा वाद न्यायालयात १९३७ पर्यंत चालला. आपण तो लढा पाणी पिण्याचा म्हणून शिकवितो, आणि ते योग्यच. पण ज्या आजोबांना तळ्याच्या पायरीवर पाय ठेवता आला नाही, त्यांनी मुलाला पोहायला शिकवावे तरी कोठे? नदीकाठचे अपवाद असतीलच, तरी ही उणीव केवळ गरिबीची नाही, असे आम्हांस वाटते.

माजी विद्यार्थी आता मुलाबाळांसह या जलाशयांवर जातात, याचा आनंद आहे. मात्र यांतील बरेच पाणी लाखो घरांच्या नळांना जाते; काठावर साबण, बाटल्या टाकू नयेत. अनोळखी डोहात उतरू नये. आणि येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांबरोबर मुलींनाही नगरपालिकेच्या अथवा जवळच्या तरणतलावात प्रशिक्षकाच्या हाती सोपवावे. सहलीच्या परवानगीपत्रात आम्ही आता 'पोहता येते का?' हा रकाना ठेवला आहे.