फोटोमागे नाव लिहा

मंडळी, संग्रहालय म्हणजे मोलाच्या वस्तू जपून ठेवण्याचे घर. नागपूरचा अजब बंगला तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. तो १८६३ सालचा. पुण्यालाही एक संग्रहालय आहे. ते आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे. ही संस्था १९६२ साली निघाली. तिथे आदिवासींचे दागिने, वाद्ये, मुखवटे, भांडीकुंडी मांडलेली आहेत.

कधी कधी नुसत्या फोटोंचेही प्रदर्शन भरते. आम्ही एका शहरात असे प्रदर्शन पाहिले. भिंतीवर ओळीने फोटो होते. डोंगरातली माणसे, त्यांची घरे, नाच, बाजार. लोक पाहत, "काय ही माणसं!" म्हणत आणि पुढे जात. आम्हाला वाटले, यात नवल ते काय? अशी माणसे तर आपल्या शेजारी राहतात!

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुका आहे. तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी निहाल लोक राहतात. त्यांची बोली निहाली. तिच्यात कोरकू, मराठी, हिंदीचे पुष्कळ शब्द आलेत. पण तिचे मूळ वेगळे आहे. जगातल्या कोणत्याही भाषेशी तिचे नाते अजून पक्के ठरलेले नाही. पाण्याला त्या बोलीत 'जोप्पो' म्हणतात. ही बोली बोलणारे आता सुमारे दोन-अडीच हजारच उरलेत.

निहाल माणसाचा फोटो काढला, तर कपडे दिसतील, चेहरा दिसेल. बोली दिसेल का? नाव दिसेल का? नाही. ते कुणी तरी विचारून लिहावे लागते.

त्या प्रदर्शनात कित्येक फोटोंखाली एवढेच होते : 'आदिवासी स्त्री', 'आदिवासी म्हातारा'. त्या बाईला आईबापांनी नाव ठेवले नसेल का?

पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरही असेच झाले. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोऱ्या लोकांनी तिथल्या माणसांचे फोटो काढले. पुष्कळांची नावे लिहिलीच नाहीत. आज त्यांची नातवंडे, पतवंडे संग्रहालयांत जाऊन त्या फोटोंत आपले आजे-पणजे शोधतात. न्यूझीलंडचे माओरी लोक तर वाडवडिलांचे फोटो आपल्या सभाघरात मानाने लावतात. त्यांना तो नुसता कागद वाटत नाही. घरचे माणूसच वाटते.

आता आमची चूक सांगतो. आमच्या एका वर्गाचा जुना फोटो आमच्याजवळ आहे. मागे नावे लिहायची राहून गेली. परवा एक तरुण आला. म्हणाला, "गुरुजी, यात माझे वडील कोणते? ते आता नाहीत. घरी त्यांचा एकही फोटो नाही." आम्ही चष्मा पुसला. पुन्हा पुन्हा पाहिले. दोन मुलांवर बोट ठेवले, पण खात्री देता येईना. पोरगा गप्प उठून गेला. शिकलेल्या माणसाने लिहिले नाही, त्याचे हे फळ!

तुम्ही आता लिहायला शिकलात. आजच घरातले फोटो काढा. मागे शिसपेन्सिलीने हलकेच लिहा : नाव, गाव, साल. आठवत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. ती आहेत तोवरच विचारा. आणि दुसऱ्याचा फोटो काढाल, तेव्हा आधी त्याची परवानगी घ्या, मग नाव विचारा.

सांगा पाहू :
१. निहाली बोली कोणत्या तालुक्यात बोलतात?
२. तुमच्या घरच्या सर्वांत जुन्या फोटोत कोण कोण आहे? नावे लिहून काढा.