परदेशी वर्ग आणि भाषेची परीक्षा

मुलांनो, बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. तेथून जवळच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. ते १९५८ साली स्थापन झाले. आपल्या छत्रपती संभाजीनगरातील या विद्यापीठात येमेन, इराक, सुदान अशा देशांतूनही विद्यार्थी शिकायला आले आहेत. त्यांची मातृभाषा अरबी. पण वर्गात इंग्रजी आणि बाजारात हिंदी-मराठी!

उद्या तुम्हीही परदेशी शिकायला जाल. पदवीसाठी काही वर्षे राहावे लागते. पण थोड्या मुदतीचे शिक्षणही असते.

समजा, तुम्ही एका सत्रासाठी गेलात. तुमचे नाव आपल्याच विद्यापीठात कायम राहते. म्हणून बहुधा विषयांची प्रवेशपरीक्षा नसते. पूर्वीचे गुण आणि विद्यापीठाची शिफारस पाहतात. मात्र भाषेचा दाखला अनेकदा मागतात. असे का? सत्र चार-पाच महिन्यांचे असते. भाषा समजू लागेपर्यंत तेच संपून जाईल!

इंग्रजीसाठी टोफेल ही परीक्षा १९६४ साली आणि आयईएलटीएस १९८९ साली सुरू झाली. दोन्हींत ऐकणे, बोलणे, वाचणे व लिहिणे तपासतात. निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरतात. भारतात परीक्षेच्या वेळी पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणून तो आधीच काढून ठेवावा. किती गुण हवेत, हे प्रत्येक संस्था ठरवते. काही संस्थांना इंग्रजी माध्यमातून शिकल्याचे प्रमाणपत्रही चालते. म्हणून फी भरण्यापूर्वी त्या संस्थेचे नियम वाचावेत.

काही आठवड्यांच्या भाषावर्गातही बहुधा परीक्षा असते. पण तिच्यात कोणी नापास होत नाही. कोणी कोणत्या वर्गात बसावे, एवढेच ती ठरवते. तेथे नक्कल करणारा अवघड वर्गात जाऊन बसतो आणि स्वतःचेच नुकसान करतो.

मित्रांनो, घरी तुम्ही उर्दू बोलता आणि या पुस्तकातून मराठी शिकता. ऐका, बोला, वाचा, लिहा. त्या मोठ्या इम्तिहानाची तयारी येथूनच सुरू होते.

शब्दार्थ
मुदत – ठरलेला काळ
सत्र – शैक्षणिक वर्षाचा एक भाग
दाखला – लेखी पुरावा
ग्राह्य – मान्य

स्वाध्याय
१. एका सत्रासाठी जाणाऱ्याला भाषेचा दाखला का मागतात?
२. पासपोर्ट आधीच का काढावा?
३. तुमच्या वर्गात परदेशी विद्यार्थी आला, तर त्याला मराठीची कोणती पाच वाक्ये प्रथम शिकवाल? लिहा.