पागेत रुजू होणाऱ्या भाच्यास

घोडेगाव, ता. आंबेगाव

चि. प्रशांत यास,


तळेगावकडच्या पागेत तुला ठेवून घेतलं, हे ताईनं फोनवर सांगितलं. तिचा आवाज काही खुशीतला नव्हता. बारावी झालेलं पोरगं लीद उचलायला चाललं, असं तिला वाटतंय. दाजी मात्र बैलगाडा शर्यतीच्या घाटात घोडी धरणारा आपला मुलगा आता परदेशी घोडे सांभाळणार म्हणून गावभर सांगत सुटलेत. दोघांचंही अर्धंच खरं आहे. लीद तुला उचलावी लागेलच, रोज, दिवसातनं चार-पाच वेळा. पण ती डोळे उघडे ठेवून उचल. रोजच्यापेक्षा कमी पडली का, कोरडी आहे का, वर शेंबडासारखा थर आहे का, हे बघायचं. घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळं त्याचं पोट बिघडलं तर ते जिवावर बेततं. घोडा वळून वळून कुशीकडं बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, चंदीला तोंड लावत नाही, लोळायला बघतो. यातलं एक जरी दिसलं तरी पुढ्यातला चारा काढायचा, वेळ लिहायची आणि डॉक्टरला फोन करायला लावायचं. 'थोडा वेळ बघू' म्हणणारे पुष्कळ भेटतील. तू म्हणू नकोस.

आपल्याकडं बिबट्याच्या धास्तीनं रात्री दोनदा उठून गोठ्यात बॅटरी मारायची सवय तुला आहे. ती तिथंही मोडू नकोस. रात्री उठलेला पोटशूळ सकाळपर्यंत कुणाला कळत नाही.

तुला घोडी कळते, यात शंका नाही. २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या तेव्हा तू दुसरी-तिसरीत होतास. दाजींनी त्या सगळ्या वर्षांत घोडी विकली नाही, वरातीला भाड्यानं देऊन तिचा दाणा भागवला. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मिसरूड फुटायच्या आत तू बारीच्या बैलांपुढं घोडी धरलीस. पुढं फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या घाटात खासदार अमोल कोल्हे घोडीवर बसले, त्याचे फोटो सगळीकडं झळकले. त्या सकाळी त्या घोडीला खरारा कुणी केला, हे कुणी विचारलं नाही. तुझ्या नव्या कामातही असंच असणार, ते आत्ताच मनाशी धर.

पण घाट आणि तुझ्या नव्या पागेतले घोडे ज्यात उतरतात ते इव्हेंटिंग यांत फरक आहे. घाटात बारी बारा-तेरा सेकंदांत निशाणापार जाते, मग घोडी दमली तरी चालतं. इव्हेंटिंगला बहुधा तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनात घोडा किती शांतपणे आणि मापात चालतो ते बघतात. दुसऱ्या दिवशी क्रॉस-कंट्री: ओंडके, चर, पाणी, चढउतार, ठरलेल्या वेळात. तिसऱ्या दिवशी मैदानातल्या दांड्यांवरून उड्या. हिशेब दंडाचा असतो, ज्याचा दंड कमी तो वर. क्रॉस-कंट्रीत घोडा अडथळ्यापुढं अडला की २० दंड, शेवटच्या दिवशी एक दांडी पडली की ४. आणि मोठ्या स्पर्धेत उड्यांच्या आधी घोडा पंचांसमोर आणि डॉक्टरसमोर हातानं दुडक्या चालीनं पळवून दाखवावा लागतो. लंगडला की घरी. क्रॉस-कंट्री संपल्यापासून त्या तपासणीपर्यंतची रात्र मोतद्दाराची, म्हणजे तुझी, असते. स्वार त्या रात्री झोपतो, आणि त्यानं झोपावंच.

त्या रात्रीचं काम आधी पाण्याचं. आपल्याकडं घामेजलेल्या घोडीवर गार पाणी घालू नये, अंग धरतं, असं दाजी अजून सांगतात. ते विसर. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या आधी तिथल्या उकाड्याची धास्ती घेऊन घोड्यांवर बराच अभ्यास झाला. तापलेल्या घोड्यावर गार पाणी भराभर ओतत राहिलं की तो लवकर सावरतो, हे तेव्हा पक्कं झालं. आपला इंद्रजित लांबा त्याच ऑलिंपिकला इव्हेंटिंगमध्ये उतरला होता. तर पाणी ओत, चालव, परत ओत. श्वास खाली बसला की पाय बघ.

पाय कसे बघायचे ते मी मेरठला फौजेच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरमध्ये (आरव्हीसीत) असताना शिकलो. आमचे उस्ताद राजस्थानचे होते. पहाटे दिवा लावायच्या आधी ते घोड्यापाशी उकिडवे बसत आणि गुडघ्याखालच्या शिरेवरून तळवा खाली आणत. आधी डावा पाय, मग उजवा, मग परत डावा. दिवा लावला की डोळे मधे येतात, म्हणायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित गरम लागला की ते उठून साहेबाच्या दाराशी जात. एकदा स्पर्धेच्या सकाळी त्यांनी असंच सांगितलं. साहेबानं घोडा काढून घेतला आणि दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही. तो घोडा पळाला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच कळलं नाही. कळत नसतंच. म्हणून असं सांगणाऱ्याला शाबासकी मिळत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ जण गप्प बसतात. तुला जे सांगायला हे पत्र लिहितोय ते एवढंच: हाताला लागलं, डोळ्याला दिसलं, ते लगेच सांगायचं. मालक रागावला तरी, स्वार रडवेला झाला तरी. घोड्याला पळायचं की नाही ते ठरवणं तुझं काम नाही. पण ठरवणाऱ्याला माहीत नव्हतं, असं तुझ्यामुळं होता कामा नये.

हा खेळ जिवावरचा आहे, हे ताईला सांगू नकोस पण तू विसरू नकोस. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याचा क्रॉस-कंट्रीत पायाचा अस्थिबंध तुटला, त्याला शेवटी मारावं लागलं. त्याच मैदानात आपला फवाद मिर्झा सेन्यूर मेडिकॉटवर एकही अडथळा न चुकवता बाहेर आला, फक्त वेळेचा ११.२० दंड घेऊन, आणि शेवटी तेविसावा राहिला. याच घोड्यावर त्यानं २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत रौप्य मिळवलं होतं. त्याआधीचं वैयक्तिक पदक शोधायला थेट १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत जावं लागतं: रघुबीर सिंग, घोडा शहजादा, सुवर्ण. स्वाराचं नाव राहतं, घोड्याचंही राहतं. मोतद्दाराचं कुठं छापलेलं सापडत नाही. आपल्या मुलखातही शिवाजी महाराजांनी १६५७ ला जुन्नर मारून घोडे नेले हे पोराटोरांना ठाऊक असतं. पण दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद असावा, अशी महाराजांच्या पागेची बांधणी सभासदानं आपल्या बखरीत लिहून ठेवली आहे, ती कुणी वाचत नाही. चिपळूणकडच्या छावणीला महाराजांनी धाडलेलं पत्र मात्र वाच. पावसाळ्याची वैरण आताच उधळलीत तर घोडे मरतील आणि ते तुम्ही मारले असं होईल, असा त्याचा रोख आहे. गवताच्या गंजीजवळ चिलीम ओढू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इथवर बारीक बजावलं आहे. तुझ्या पागेतही पेंढ्याच्या खोलीशेजारी कुणीतरी बिडी ओढत असेलच.

आता एक लाजेची गोष्ट, ती स्पष्टच लिहितो. घोड्याच्या खोलीत लघवीला बसायचं नाही, पाऊस असो की मध्यरात्र. तू सर्दीची, अंगदुखीची गोळी खाल्लीस तर ती लघवीतून पेंढ्यात उतरते, घोडा तो पेंढा चघळतो आणि तपासणीत सापडतो घोडा. तसंच घरी चहात बुडवलेला पाव घोडीला द्यायचास, ते तिथं चालायचं नाही. चहा, कॉफी, चॉकलेट, खसखस, यातलं काही त्याच्या तोंडाजवळ न्यायचं नाही. मलम लावून आल्यावर हात धुतल्याशिवाय लगामाला हात लावू नकोस.

जायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घे. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय नवा घोडा आत येऊ देतात का, तेवढं बघून ठेव. तो रोग माणसालाही होतो. पगार किती, सुट्टी कधी, लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे कागदावर मागून घे. लाजू नकोस. मागितलं म्हणून ज्या पागेला राग येतो, त्या पागेत घोड्यांचंही फार बरं चाललेलं नसतं. आणि महिन्यातनं एकदा घरी ये. घोड्यांच्या नादात माणूस घराला पारखा होतो, फौजेतले पुष्कळ झालेले मी पाहिलेत.

दाजींना नमस्कार, ताईला सांग की मी रविवारी येतो.

तिथं पोचलास की एक वही कर. जो घोडा तुझ्याकडं देतील, त्याचं रोज पहाटे, चारा घालायच्या आधी, तीन गोष्टींचं टिपण ठेव. जबड्याखालची नाडी, मिनिटाला २८ ते ४४ च्या आत. श्वास, ८ ते १६. ताप, साधारण १०० ते १०१ फॅरनहाइट. प्रत्येक घोड्याचं आपलं एक माप असतं, ते आठवडाभरात हाती येईल. पहिल्या आठवड्याचे आकडे मला पाठव.

तुझा,
मामा