अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या हस्तचित्रित प्रतिकृती

संस्थानच्या भक्तनिवासातील सभागृहात प्रवेश करताच समोरच्या भिंतीवर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाची मोठी प्रतिकृती दृष्टीस पडते. चित्राचा खालचा भाग मातकट व रिकामा का, रंग पुरले नाहीत काय, अशी पृच्छा भाविक कार्यालयात येऊन करतात. देणगीदारांपैकी काहींनी तो भाग स्वखर्चाने पूर्ण करून देण्याची तयारीही दर्शविली आहे. त्या सर्वांच्या माहितीसाठी हा लेख.

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगविलेली नाहीत. खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस व गवताचे तंतू यांचा गिलावा दिलेला आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग सरस किंवा डिंकात खललेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना ही सामग्री बहुतांशी भूमीतूनच मिळणारी. निळ्यासाठी मात्र लाजवर्दाचा दगड दूरदेशाहून आणावा लागे. यांतील बरीचशी चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळातील आहेत. गिलावा सुटला की चित्र त्यासह गळून पडते आणि पुन्हा जोडता येत नाही. नकलेचे मोल येथे आहे.

१८१९ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ही लेणी पडल्यावर, १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वाघांचा वावर असलेल्या त्या दरीत अंधारात बसून गिल यांनी सुमारे वीस वर्षे कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील मोजक्या वगळता सर्व जळाल्या. वृत्त समजल्यावर गिल यांनी पुन्हा साहित्य मागविले व काम हाती घेतले. १८७९ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. रेल्वेने भुसावळमार्गे येणाऱ्या किती भाविकांना हे ठाऊक असेल?

पुढे १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह हेच काम १८८५ पर्यंत केले. नंतर नावारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांत होते. याही नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतील अनेक नष्ट झाल्या. उरलेल्या नकला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपल्या आहेत. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्येचे चित्र आज पुष्कळच पुसट झाले आहे. त्या काळी ते किती स्पष्ट होते, हे या नकलांवरून कळते.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार व हैदराबादचे सय्यद अहमद येथे आले. त्यांच्या नकलांत रेषेला प्राधान्य आहे. गिल यांच्या नकलेत तैलरंगाचा घट्टपणा, यांच्या नकलेत रेषेचा ओघ. चित्र एकच, परंतु नक्कल करणाऱ्याचा काळ आणि शिक्षण तीत उतरतेच. सय्यद अहमद पुढे हैदराबाद राज्यात अजिंठ्याचे अभिरक्षक झाले. त्यांच्या नकला हैदराबादच्या संग्रहालयात आहेत.

जपानमधील होर्युजी मंदिराच्या मुख्य दालनातील भित्तिचित्रांची तुलना विद्वान अजिंठ्याशी करीत. तेथे चित्रकार नकला करीत असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी दालनाला आग लागली व मूळ चित्रे करपली. थंडीसाठी चित्रकार वापरीत असलेल्या विजेच्या गरम गादीवर संशय घेण्यात आला. १९६७-६८ मध्ये तेथील नामवंत चित्रकारांनी पूर्वीची छायाचित्रे व नकला समोर ठेवून सर्व चित्रे नव्याने रंगविली. आज त्या दालनात जे दिसते ते हेच. आपल्या प्रजासत्ताकाचा दिवस त्या देशात सांस्कृतिक वारशाच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जातो.

आता आपल्या चित्राविषयी. एका देणगीदाराने ही प्रतिकृती देऊ केली तेव्हा दोन आक्षेप आले. बौद्ध लेण्यातील चित्र मंदिराच्या वास्तूत कशाला, हा पहिला. त्यास विश्वस्तांपैकी एका ज्येष्ठांनी वेरूळचे उत्तर दिले : ज्या डोंगरात कैलास आहे, त्याच डोंगरात बौद्ध आणि जैन लेणीही आहेत, आणि भाविक ती सर्व पाहूनच येतात. दुसरा आक्षेप स्वतः देणगीदारांचा होता. फुटलेला, गळलेला भाग दाखवू नये, चित्र पूर्ण आणि तेजस्वी असावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या भावनेत गैर काही नव्हते; आपण भंगलेली मूर्ती पूजेत ठेवीत नाही. परंतु हे चित्र पूजेसाठी नव्हते. मूळ चित्रात जे उरलेले नाही ते आपल्या कल्पनेने भरले, तर पुढील पिढी तेच अजिंठ्याचे समजेल, असे चित्रकाराने नम्रपणे सांगितले आणि तेवढा भाग रंगविण्यास नकार दिला. दोन बैठका झाल्या. प्रस्तुत लेखकाचे मत चित्रकाराच्या बाजूने होते, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही. अखेर देणगीदारांनी मान्यता दिली. एवढेच नव्हे, तर चित्राखालील फलकावर आपल्या नावाआधी ‘प्रतिकृती’ हा शब्द व ती रंगविल्याचे वर्ष घालावे, असे त्यांनीच सुचविले. फलक तसाच आहे.

अजिंठा लेणी शहरापासून सुमारे १०० कि.मी. अंतरावर असून सोमवारी बंद असतात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हातास पद्मपाणी आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत. एकेकाळी संरक्षणासाठी म्हणून चित्रांवर लाखेचे रोगण चढविले गेले, ते पुढे पिवळे पडून रंग झाकोळले व काढणे कष्टाचे झाले. यास्तव भिंतीस हात लावू नये, छायाचित्र घेताना प्रकाशझोत वापरू नये. परतल्यावर सभागृहातील चित्रापुढे पुन्हा एकदा उभे राहावे. फरक आढळल्यास कार्यालयातील अभिप्राय वहीत अवश्य लिहावा. चित्रकार ती वही वाचावयास येतात.