घरच्या घरी ई-लिक्विड : ६० मिलीची पहिली बाटली

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडून व्हेपकडे वळलेली बरीच मंडळी पुढे लिक्विडही घरीच मिसळू लागतात. खर्च कमी होतो, निकोटिन आपल्या हिशेबाने कमी करत नेता येतं आणि चव आपल्या मनासारखी जमते. या कामाला लागतो एक चांगला काटा, एक वही आणि बाटल्या उघडण्याआधी गणित करून ठेवण्याची सवय. ज्यांना निकोटिनचं व्यसन नाही, त्यांनी या छंदाच्या वाटेला जाऊ नये.

ही कृती ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. तिथे निकोटिनची बाटली १० मिलीहून मोठी किंवा दर मिलीला २० मिलिग्रॅमहून तीव्र विकता येत नाही, आणि १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद आहे. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक आणि साठवण यांवर बंदी आहे. आयात-विक्रीसारख्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा सुट्टीला घरी येताना हे सामान बॅगेत नको.

साहित्य

• व्हीजी, म्हणजे वनस्पतिजन्य ग्लिसरीन. हे दाट, किंचित गोड असतं आणि वाफेला भरगच्चपणा देतं.
• पीजी, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. हे पातळ असतं, चव वाहून नेतं आणि घशाला ठसका देतं.
• दर मिलीला १८ मिलिग्रॅम ताकदीचा, ७० टक्के व्हीजी आणि ३० टक्के पीजी असलेला १० मिलीचा एक निक-शॉट, म्हणजे निकोटिनची छोटी बाटली.
• व्हेपसाठीच बनवलेले, पीजीत विरघळवलेले दोन फ्लेवर : आंबा आणि व्हॅनिला.
• ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, १०० मिलीची रिकामी बाटली, १० मिलीची छोटी बाटली, नायट्राइलचे हातमोजे, कागदी टॉवेल, लेबलं.

पीजी आणि व्हीजी औषधी प्रतीचंच घ्या. औद्योगिक प्रतीच्या मालात डायएथिलीन ग्लायकॉलची विषारी भेसळ असू शकते. २०२२मध्ये गाम्बियात लहान मुलांचे जीव घेणाऱ्या खोकल्याच्या औषधांत तेच सापडलं होतं.

फ्लेवरच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकघरातली सवय घातक ठरते. आमरसात घालतो तो इसेन्स, वेलदोड्याचं तेल, नारळाचं तेल, केशराचा अर्क यांतलं काहीही बाटलीत जाता कामा नये. पोटाला चालणारं तेल फुफ्फुसाला चालत नाही. तिथे साचून त्याने न्यूमोनिया होऊ शकतो. अमेरिकेत २०१९ साली व्हेप करणारे हजारोंच्या संख्येने आजारी पडले, तेव्हा मुख्य संशय गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या तेलकट रूपावर गेला. लोण्याची चव देणाऱ्या फ्लेवरांतलं डायअसेटिलही टाळा. ब्रिटनमध्ये ई-लिक्विडमध्ये त्याला बंदी आहे, पण खाद्यपदार्थांसाठीच्या इसेन्समध्ये ते असू शकतं.

गणित

आपल्याला हवंय ६० मिली लिक्विड, दर मिलीला ३ मिलिग्रॅम निकोटिन, ७० टक्के व्हीजी आणि ३० टक्के पीजी. म्हणजे एकूण व्हीजी ४२ मिली आणि पीजी १८ मिली.

निक-शॉट किती लागेल, याचं सूत्र सोपं आहे : एकूण मिली गुणिले हवी ती ताकद, भागिले शॉटची ताकद. ६० × ३ ÷ १८ = १० मिली. बरोबर एक बाटली. ६० मिलीचं माप निवडलं ते यासाठीच. त्या शॉटमध्ये ७ मिली व्हीजी आणि ३ मिली पीजी आधीच आहे. फ्लेवर एकूण १० टक्के, म्हणजे ६ मिली. तेही पीजीच्या खात्यात धरायचे.

उरलेला हिशेब : व्हीजी ४२ – ७ = ३५ मिली; पीजी १८ – ३ – ६ = ९ मिली.

आता मिलीचे ग्रॅम करा. एक मिली व्हीजी १.२६ ग्रॅम भरतं, पीजी १.०४ ग्रॅमच्या आसपास, फ्लेवर सरासरी १ ग्रॅम धरा. वहीत असं उतरेल :

आंबा ७ टक्के – ४.२ ग्रॅम
व्हॅनिला ३ टक्के – १.८ ग्रॅम
निक-शॉट – ११.९ ग्रॅम
पीजी – ९.४ ग्रॅम
व्हीजी – ४४.१ ग्रॅम

सिरिंजने मोजायला गेलात तर दाट व्हीजी आत चिकटून राहतं आणि प्रत्येक फ्लेवरला वेगळी सिरिंज धुवावी लागते. काट्यावर यातली कुठलीच अडचण येत नाही.

कृती

१. आधी निकोटिनशिवाय १० मिलीचा नमुना करा : आंबा ०.७, व्हॅनिला ०.३, पीजी २.१ आणि व्हीजी ८.८ ग्रॅम. आठवडा-दोन आठवड्यांनी चव घ्या. आवडली तरच मोठ्या बाटलीकडे वळा.

२. मुलं आणि पाळीव प्राणी दूर असतील अशी जागा निवडा. खिडकी उघडा, हातमोजे घाला.

३. रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. थेंब-थेंब करत आंबा घाला, पुन्हा शून्य करा, मग व्हॅनिला. फ्लेवर आधी घालण्याचं कारण असं, की इथे हात सैल सुटला तर नुकसान चार ते सहा ग्रॅमचंच होतं.

४. काटा शून्यावर आणून निक-शॉट ओता. थेंब कातडीवर पडला तर लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा. मळमळ, घाम किंवा चक्कर आली तर काम थांबवून मोकळ्या हवेत जा आणि १११वर फोन करून सल्ला घ्या. कोणी लिक्विड गिळलं तर वाट न पाहता ९९९वर फोन करा.

५. पीजी आणि शेवटी व्हीजी घाला. व्हीजी फार दाट वाटलं तर त्याची बंद बाटली आधी कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा.

६. झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं जोरात हलवा. आतल्या रेषा दिसेनाशा झाल्या की मिश्रण एकजीव झालं.

७. लेबल तेव्हाच लावा : नाव, तारीख, निकोटिनची ताकद, पीजी-व्हीजीचं प्रमाण आणि ‘विष – मुलांपासून दूर’.

मुरवणं आणि साठवण

फळांच्या चवी दोन-चार दिवसांत तयार होतात. व्हॅनिलासारख्या जड चवींना आठवडा-दोन आठवडे लागतात. बाटली अंधाऱ्या, थंड जागी, कुलपात ठेवा. व्हॅनिलामुळे रंग गडद होतो, त्याची काळजी नको. पण निकोटिन हवेने खराब झालं की मिरीसारखी तिखट चव येते. ते मिश्रण टाकून द्या. गोड वासाची ही बाटली फ्रिजमध्ये सरबताशेजारी कधीही ठेवू नका.

चव बिघडली तर

चव फिकी लागली की हात फ्लेवरकडे जातो. त्याआधी आठवडाभर थांबून पाहा. साबणासारखी किंवा औषधी चव आली तर बहुधा फ्लेवर जास्त झालाय, कमी नाही. घशाला फार ठसका लागत असेल तर पीजी किंवा निकोटिन कमी करा. लिक्विड तापवणारी कॉइल लवकर काळी पडत असेल तर गोडवा वाढवणारे फ्लेवर वगळा. छोट्या पॉडमध्ये जळका वास आला तर लिक्विड त्या कॉइलसाठी दाट आहे. पुढच्या वेळी पीजी-व्हीजी निम्मं-निम्मं ठेवा.

दर बाटलीमागे एकच गोष्ट बदला आणि बदललेला आकडा वहीत लिहा. आंबा, व्हॅनिला आणि पीजी तिन्ही एकदम हलवलंत, तर चव सुधारली तरी कशाने सुधारली ते कळणार नाही. निकोटिन उतरवायचं असेल तर हाच नियम वापरा : चव तीच ठेवून ताकद ३वरून २वर आणा. त्याच सूत्राने निक-शॉट ६.७ मिली होतो. कमी झालेले ३.३ मिली व्हीजी-पीजीत त्याच प्रमाणात भरून काढा.